कोणत्या क्रमानं?

त्यांना चहा विचारायची सोय नव्हती. 'चहा घेणार का?' म्हटलं की चष्मा कपाळावर सरकवून ते उलट विचारायचे, "चहा की काय?" म्हणजे चहा की कॉफी, चहा की काहीच नाही, की चहा आत्ता का साडेचारला. समोर दुसरं काय आहे हे कळल्याशिवाय मला चहा हवा की नको हे मी कसं सांगणार, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या महिन्यात मला वाटलं, माणूस आपली फिरकी घेतोय. दुसऱ्या महिन्यात वाटलं, माणूस अतिशहाणा आहे. तिसऱ्या महिन्यापासून मी विचारणं सोडलं आणि कप नेऊन समोर ठेवायला लागले. तो चहा ते निमूट प्यायचे.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा रंगाची पावडर बनवणारा कारखाना. ते लॅबमध्ये सीनियर केमिस्ट होते आणि मी टाइम ऑफिसात. हजेरी, रजा, बसचे पास आणि सगळ्या कमिट्यांची इतिवृत्तं लिहिणं हे माझं काम. कमिट्या पुष्कळ होत्या. कँटीनची, बसची, सहलीची, सेफ्टीची. ते प्रत्येक कमिटीत असायचे, कारण दुसरं कुणी यायला राजी नसायचं आणि त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. मूळचे अकोल्याकडचे. बोईसरला पंचवीस वर्षं काढून बोलणं सगळं इथलं झालं होतं, पण अडलं की 'का' ऐवजी 'काहून' यायचं.

शर्टाच्या खिशात त्यांच्याकडे कायम कोऱ्या लेबलांचा गठ्ठा असे. सॅम्पलच्या बाटल्यांना लावायची, मागे गोंद असलेली लेबलं. कुठेही दोनाचे तीन लोक जमले आणि काही ठरवायची वेळ आली की हा गठ्ठा बाहेर यायचा. प्रत्येकाला एक लेबल. त्यावर नुसतं आवडीचं नाव लिहायचं नाही, तर पहिलं काय, दुसरं काय, तिसरं काय, असं क्रमानं लिहायचं. रिॲक्टरवरचे यूपी-बिहारचे कामगार त्यांना 'चिठ्ठीवाले साहब' म्हणायचे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणी पोल टाकला की त्याच्याखाली त्यांचा मोबाइलच्या पडद्यात न मावणारा मेसेज आलाच म्हणून समजा. लोक फक्त पहिली पसंती सांगताहेत, दुसरी दाबून ठेवताहेत, ही अर्धी माहिती आहे, अर्ध्या माहितीवर पूर्ण निर्णय काहून घेता, वगैरे. ग्रुपवरचे अर्धे लोक तो मेसेज न वाचताच अंगठा दाखवायचे. त्या अंगठ्यांचंही ते काहीतरी मोजत असावेत असा मला संशय होता.

त्यांच्या बायकोला मी एकदाच भेटले, बोईसरच्या बाजारात. मी टाइम ऑफिसातली म्हटल्यावर तिनं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. घरी कसं चालतं, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "आमच्याकडे दर रविवारी भाजीवर मतदान होतं. मग मी मला हवी ती करते."

सगळंच फुकट जायचं असंही नाही. पालघरकडून येणारी कंपनीची बस उमरोळीपासून पुढे कुठे थांबवायची यावर एकदा जुंपली होती. त्या टप्प्यात चढणारे नऊ जण, रस्त्यावर लांबलांब विखुरलेले. कुणी म्हणालं, अंतराचा बरोबर मध्य काढा. हे म्हणाले, रस्त्याचा मध्य नको, माणसांचा घ्या. नऊ जण एका ओळीत उभे आहेत असं समजा आणि पाचव्याच्या दारात बस थांबवा. तिथून पुढे सरकवली तरी पाच जण ओरडतील, मागे सरकवली तरी पाचच ओरडतील, म्हणून तीच जागा टिकेल. पाचवा निघाला एक फिटर. तो चिकनच्या दुकानावर राहायचा. त्याच्या दारात बस थांबणार म्हटल्यावर त्यानं साहेबांना कोंबडी चारली असणार, अशी महिनाभर टिंगल झाली. पण थांबा मात्र तिथेच राहिला, अजून आहे. त्यांचे आभार कुणी मानले नाहीत आणि त्यांनाही ते जाणवलं नाही.

त्यांचा खरा विषय वेगळाच होता. त्याला ते 'फेरा' म्हणायचे. मला तो त्यांनी सहलीच्या वेळी शिकवला. केळवे, डहाणू आणि विरारकडचा वॉटरपार्क, अशा तीन जागा होत्या. त्यांनी कमिटीला आधी केळवे की डहाणू विचारलं, जे जिंकलं त्याला वॉटरपार्कशी लढवलं, आणि वॉटरपार्क जिंकला. लोक टाळ्या वाजवणार तेवढ्यात म्हणाले, थांबा, आता दुसऱ्या क्रमानं विचारतो. माणसं तीच, मतं तीच, जिंकलं डहाणू. तिसऱ्या क्रमानं केळवे. प्रत्येक वेळी जी जागा शेवटी आली ती जिंकली. म्हणाले, "एकेका माणसाच्या डोक्यात फेरा नसतो. त्याला विचारा, त्याला हे त्याच्यापेक्षा बरं आणि ते तिसऱ्यापेक्षा बरं, असं नीट ठाऊक असतं. पण तीच माणसं एकत्र बसवा, की घोळक्याची मतं गोल फिरतात. मग निकाल लोक लावत नाहीत, क्रम लावतो." दोनशे वर्षांपूर्वी परदेशातल्या एका गणितज्ञानं हे दाखवलं, आणि कोणताही नियम काढा, तीन पर्याय आले की तो कुठे ना कुठे गळतो, हेही पुढे सिद्ध झालं, असं ते सांगायचे. त्या वर्षी सहल गेलीच नाही. तिन्ही जागावाल्यांना आपण जिंकलो असं वाटत होतं आणि कुणी माघार घेईना.

हे खूळ यांच्या डोक्यात कुठून शिरलं, हे मी एकदा बसमध्ये विचारलं. त्यांनी सांगितलं, की त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी एकाच वेळी तीन स्थळं आली होती. घरातली मोठी माणसं बैठकीला बसली. मामा म्हणाले, एकदम तीन नको, दोन-दोन घेऊ. हे तेव्हा अकरावीला होते आणि दाराशी उभं राहून ऐकत होते. प्रत्येक वेळी हात वर झाले, सगळं रीतसर झालं, आणि मामांच्या ओळखीचं स्थळ शेवटी आलं. बहिणीला दिली ती तिथेच. तिचं पुढे बरं झालं नाही. "सगळ्यांना वाटलं, सगळ्यांनी मिळून ठरवलं," ते म्हणाले. "फक्त मामांना माहीत होतं."

म्हणून त्यांच्या कमिटीत क्रम कधी कुणी लावायचा नाही, तर सगळ्यांसमोर चिठ्ठी काढून ठरवायचा, असा दंडक होता. बाकी कशातही ते तडजोड करायचे, यात नाही.

आता कँटीनचं सांगते, कारण खरं मला तेच सांगायचं आहे.

आमच्या कँटीनचा स्वयंपाक उमरोळीकडची एक मावशी करायची. चौदा वर्षं. डाळ, भात, एक भाजी, तांदळाची भाकरी, आणि आठवड्यातून दोनदा सुकटीची चटणी. तिचा नवरा पावसाळ्यात जमीन कसायचा, पण वर्षभर घर चालायचं ते तिच्या या कामावर. ती कंपनीच्या पटावर नव्हती, महिन्याच्या बोलीवर होती. मी कामाला लागले तेव्हा डबा न आणता यायचे आणि उपाशी बसायचे, हे तिनं तिसऱ्या दिवशी ओळखलं. तेव्हापासून मी तिच्या स्वयंपाकघरात, पिंपावर बसून जेवायचे. माझ्या आईलाही माझ्या आवडीनिवडी इतक्या ठाऊक नव्हत्या.

मग नवे मॅनेजर आले. त्यांनी कँटीन कमिटीपुढे तीन पर्याय ठेवले. आहे ते स्वयंपाकघर चालू ठेवायचं, बाहेरच्या ठेकेदाराकडून तयार जेवण आणायचं, किंवा कँटीन बंद करून सगळ्यांना खानावळीची कुपनं द्यायची. महिन्याच्या मध्यावर सभा, कमिटी म्हणेल तसं करू.

आठवडाभर आधी यांनी खिशातला गठ्ठा काढला, नऊ सभासदांकडे फिरून लेबलं भरून घेतली आणि फायलीत ठेवायला माझ्याकडे दिली. मी ती टेबलावर पसरली. तीन वर्षं त्यांच्या कमिट्यांत काढल्यावर मला कुणी वेगळं समजावायची गरज नव्हती. ते स्वतः आणि दोघे पालघरकडचे, या तिघांना पहिलं स्वयंपाकघर, दुसरा ठेकेदार, शेवटी कुपन, कारण अर्ध्या तासाच्या सुट्टीत बाहेर कोण जाणार. बोईसरला खोल्या करून राहणाऱ्या तिघा यूपीवाल्यांना भाताचा कंटाळा आलेला. त्यांना गरम रोटीसाठी पहिला ठेकेदार, नाहीतर कुपन, आणि सगळ्यांत शेवटी मावशी. ऑफिसातल्या तिघांना पहिलं कुपन हवं होतं, पण ते नाही तर निदान मावशी, ठेकेदाराचं अन्न नको, पोटं बिघडतील.

साधाच हिशोब होता. मावशी आणि ठेकेदार समोरासमोर ठेवले तर मावशी जिंकते, सहा विरुद्ध तीन. ठेकेदार कुपनाला हरवतो, सहा विरुद्ध तीन. आणि कुपन मावशीला हरवतं, तेही सहा विरुद्ध तीन. चोख फेरा. जे शेवटी येईल ते जिंकणार.

सभेची विषयपत्रिका मी टाइप करायचे. मी टाइप केलं: एक, ठेकेदार की कुपन. दोन, वरीलपैकी जे निवडून येईल ते, की सध्याचं स्वयंपाकघर. दिसायला अगदी सरळ होतं. आधी बदल कोणता ते ठरवा, मग बदल करायचा का ते ठरवा. कुणाला वावगं वाटलं नसतं. मला भीती वाटली नाही आणि लाजही वाटली नाही, हे इथे स्पष्टच सांगते. मावशीची चूल चालू राहायला हवी होती आणि ती चालू ठेवायची रीत मला ठाऊक होती.

सभेत सगळ्यांना कागद वाटले. त्यांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि टेबलापलीकडून माझ्याकडे पाहिलं. मी पेनाचं टोपण काढत बसले. पहिल्या विषयावर हात वर झाले, ठेकेदार जिंकला. आता एकच मतदान उरलं होतं. त्यांनी फक्त हात वर करायचा होता आणि तोही त्यांच्या स्वतःच्या मनासारखा. मॅनेजर दुसरा विषय वाचणार एवढ्यात ते म्हणाले, "जरा थांबा. हा निकाल आपण नाही लावत, हा कागद लावतोय."

मग उठले, फळ्यापाशी गेले आणि तीन गोल काढून सगळा फेरा समजावला. म्हणाले, क्रम चिठ्ठीनं ठरवू या, मग जे येईल ते सगळ्यांना मान्य. ऑफिसातला एक जण तडकून म्हणाला, हा कागद केला कुणी. मी मान खाली घातली. ते म्हणाले, "कुणीही केला असता तरी कुठला तरी क्रम लावावाच लागला असता. कागद करणाऱ्याचा दोष नाही." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मॅनेजर हुशार होते. शांतपणे ऐकून घेतलं, आणि तिन्ही जोड्यांवर एकेकदा हात वर करायला सांगितले. सहा-तीन, सहा-तीन, सहा-तीन. मग त्यांनी फाइल मिटली. म्हणाले, म्हणजे तुमच्या कमिटीला नक्की काय हवंय हे कमिटीलाच सांगता येत नाही. हे तुमच्या साहेबांनीच गणितानं दाखवलं, ते बरंच झालं. मग मीच ठरवतो, एक तारखेपासून ठेकेदार.

"नाही, नाही, चिठ्ठी काढा," ते म्हणत होते. खिशातली लेबलंही बाहेर काढली होती. "कारखाना चिठ्ठ्यांवर चालत नाही," मॅनेजर म्हणाले आणि उठले. बाकीचेही उठले. यूपीवाले खुशीत होते. हे मात्र फळ्यासमोर लेबलं हातात धरून उभे राहिले. फेरा असला की लोक चिठ्ठी काढतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला फेरा दाखवला तर तो सत्ता वापरतो, हे त्यांच्या गणितात कधी आलंच नव्हतं.

मी इतिवृत्तात लिहिलं, 'चर्चेअंती निर्णय व्यवस्थापनावर सोपवण्यात आला.' दुसऱ्या दिवशी ते सहीला आले तेव्हा ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "चर्चेअंती नाही. माझ्या हरकतीमुळे, असं लिहा." मी खोडून तसं लिहिलं. एका माणसाचं पोट सांभाळण्यापेक्षा ज्याला फळ्यावरचे तीन गोल मोठे वाटतात, त्याच्याशी मला बोलायचं नव्हतं. मावशी महिनाअखेरपर्यंत यायची होती. ते उरलेले दिवस मी घरून डबा आणला आणि टेबलाशीच खाल्ला. तिच्यासमोर जायला मला जमेना. तिच्याशी आता बोलण्यासारखं काय आहे, असं मी स्वतःला सांगितलं आणि त्यांच्यावरचा राग वाढवत राहिले.

तो राग पुरला बराच. बसमध्ये ते माझ्यासाठी जागा धरायचे, मी मागे जाऊन बसायचे. आठ-पंधरा दिवसांनी त्यांनी जागा धरणं सोडलं. कमिट्यांवरचा राजीनामा त्यांनी चार ओळींत लिहून माझ्या टेबलावर ठेवला, त्याचीही मी नुसती पोच दिली. पुढे दीड वर्षानं ते रिटायर झाले. निरोपाला घड्याळ द्यायचं की शाल, यावर एकमत झालं नाही, म्हणून दोन्ही दिलं. भाषण करा म्हटल्यावर ते उभे राहिले, सगळ्यांना नमस्कार केला आणि बसले. लोकांना तो त्यांचा साधेपणा वाटला. मी तेव्हाही म्हटलं, आता बोलायला उरलंय काय. ते अकोल्याला निघून गेले.

गेल्या वर्षी उमरोळीला आमच्या एका ऑपरेटरच्या मुलीच्या लग्नाला गेले. पंगतीत बसले होते, तर भात वाढायला समोर मावशी. ती आता लग्नाकार्याचा स्वयंपाक धरते. हंगामात कामं असतात, एरवी बसून. मला ओळखून तिनं भाताचं घमेलं दुसरीच्या हातात दिलं आणि माझ्याशेजारी खाली बसली. हातात बांगड्या कमी झाल्या होत्या. इकडचं तिकडचं झाल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, त्या माणसामुळे तुमचं गेलं, मी त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलले नाही.

मावशी म्हणाली, तो तर घरी आला होता. सभा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, पहिली पाळी सुटल्यावर, चालत. ओट्यावर बसला, पाणी प्याला, आणि खिशातल्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडून तिला सगळं समजावलं. तिला त्यातलं काही कळलं नाही. एवढंच कळलं, की हा गप्प बसला असता तर तिचं काम राहिलं असतं.

"मंग मी लय बोलले त्याला," मावशी म्हणाली. "आई-बाप काढला. माजा घोव पन ओरडला. तो उठला नाय. समदा आयकून घेतला, पाया पडला न् गेला. परत काय आला नाय. पन त्या दिवशी आला."

मला ते सहन होईना. मी म्हटलं, "मावशी, तो कागद मी केला होता. तुमचं नाव शेवटी घातलं ते मी. तुमच्यासाठीच."

"ठाव हाय," ती म्हणाली. "त्यानंच सांगितला. बोलला, तुज्यासाठी त्या पोरीनं जिवावर उदार होऊन केलता, तिला दोष देऊ नको."

मावशीनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मंग तू का नाय आली, बाय? मी दोन आयतवार तुजी वाट बघितली."